उसनं नाक

काळ्या धुराबद्दल मला काही लिहायचं नाही. हवा कमी किंवा डिझेल जास्त, हे ट्रॉलीवर बसलेल्या पोरालाही कळतं. निळ्याला थोडी अक्कल लागते, पण रिंगा, व्हॉल्व्ह सील नाहीतर टर्बो, यापलीकडे तो फारसा जात नाही. माझं उभं आयुष्य गेलं ते पांढऱ्याशी भांडण्यात. न जळलेलं डिझेलही पांढरं, पाण्याची वाफही पांढरी. पहिल्याला नोझल किंवा टायमिंग, दुसऱ्याला थेट हेड उतरवायचं. ऐन गळीत हंगामात ट्रॅक्टरचं हेड उतरवा म्हटलं की मालकाचा चेहरा बघवत नाही.

वाफ वावभर गेली की विरते आणि डिझेलचा धूर रेंगाळतो, असं सगळेच सांगतात. त्यांनी डिसेंबरात पहाटे शिरोळकडं यावं. नदीवरनं धुकं आलेलं असतं, त्यात वाफही विरत नाही. थंड पाना पाइपापुढं धरावा, तर गार इंजिन पाणी सोडणारच. डिझेल जळताना पाणी होतंच. म्हणून मी नाकावर चालायचो. कच्चं डिझेल घशात बसतं. रेशनचं निळं रॉकेल मिसळलेलं असलं तर वासाला कोरडेपणा येतो. कूलंट जळला की गोडसर. गाडी आत घ्यायच्या आधीच मी दारातून निदान सांगायचो, तेही लगेच नाही. ड्रायव्हरला दोनदा रेस द्यायला लावायची, डोळे मिटायचे, मग बोलायचं. पहिल्याच रेसला कळलेलं असायचं. दुसरी रेस बघणाऱ्यांसाठी.

2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते नाक गेलं. ताप उतरला, जिभेला मीठ-तिखट कळायला लागलं, वास मात्र परतला नाही. तसा डिझेलनंच आधी वास सोडला होता. गंधक 350 पीपीएमवरून 50 वर आलं, 2020 पासून 10 वर. नव्या डिझेलला दमच नाही म्हणून मी तेव्हा कुरकुरायचो.

आता पाइपाशी माझा पोरगा वाकतो. पोरगा म्हणजे हाताखालचा, शिकायला आलेला. तो हुंगतो, माझ्याकडं बघतो; डोकं खाजवलं तर पाणी, कानाला हात लावला तर डिझेल. ही खूण मीच ठरवून दिली आहे. गिऱ्हाइकाला वाटतं मिस्त्रींनी सांगितलं. पोराला याचं काही वाटत नाही. मला वाटतं, पण खूण बंद करण्याइतकं नाही.

त्यातही हंगामात त्याचं नाक अडकतं. शेजारी गुऱ्हाळ पेटलेलं, सगळ्या हवेलाच गोडी.

"मामा, गोड तर येतंय, पण गाडीचं का गुळाचं?"

आणि निम्मे शेतकरी रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओततात, त्याच्या वाफेला वासच नाही. तिथं दोघांचीही नाकं सारखीच. मग मी धुरात तोंड घालतो. वास गेला तरी कच्च्या डिझेलनं माझे डोळे चुरचुरतात. डॉक्टर म्हणाले, चुरचुरण्याची शीर वेगळी. वाफेनं चुरचुरत नाहीत. हा शोध लागला त्या दिवशी मी घरी जाऊन गोडधोड करायला सांगितलं. चव अर्धीच लागली.

हायवेवरच्या गॅरेजात स्कॅनर आलाय. बीएस-6 गाड्यांना तो लागतोच. त्यांच्या सायलेन्सरात काजळीचा फिल्टर असतो, इंजिन आतून कुढत असलं तरी बाहेर धूर दिसत नाही. त्याबद्दल माझं भांडण नाही. पण साध्या पंपाच्या ट्रॅक्टरलाही तिथली पोरं स्कॅनरची वायर घेऊन सॉकेट शोधतात, तेव्हा हसू आवरत नाही. त्याहून राग येतो पंप वाढवून देणाऱ्यांचा. दोन ट्रॉल्या ओढायला ताकद पाहिजे म्हणून स्क्रू फिरवायचा आणि काळा लोट सोडून रील काढायची. तो लोट म्हणजे न वापरता जाळलेला पैसा. मालकाला तोच आवडतो, आणि मी स्क्रूला हात लावत नाही म्हणून तो दुसरीकडं जातो.

सध्या एक ट्रॅक्टर दारात उभा आहे. गरम झाला तरी पांढरा सोडतो. एकेका नोझलच्या नळीचा नट ढिला करून बघितला. तिसऱ्याला धूर कमी होतो, थांबत नाही. डोळे चुरचुरतात, पण नेहमीसारखे नाहीत. मी म्हणतो नोझल. पोरगा म्हणतो दोन्ही आहे, नोझल टपकतंय आणि गॅस्केटही गेलंय.

"हुंगायचं कशाला मामा? सकाळी गार असताना रेडिएटरचं टोपण काढून चालू करू. बुडबुडे आले तर गॅस्केट."

टोपण काढून बघणं मला कायम हलकं वाटत आलंय. शेंबडं पोरसुद्धा बुडबुडे बघू शकतं, मग मिस्त्री कशाला? त्याला तसं बोललो. तो हसला आणि पाना धुवायला गेला. उद्या टोपण तो काढणार आहे. रेस मात्र मीच देणार, आणि दोनदा.