झाकणाखालचं बिऱ्हाड

नोकिया एन-९०० चं मागचं झाकण नखाने उचललं की बॅटरीशेजारी मायक्रो-एसडी कार्डाची खाच दिसते. करंगळीच्या नखाएवढं ते कार्ड. त्यावर दोन पार्टिशनं: पहिल्यात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दुसऱ्यात बाकी सगळं गणगोत. बोटाच्या टोकावर धरलं तर वजनही जाणवत नाही, आणि तरी २००९ सालच्या या यंत्राने न पाहिलेली कितीतरी वर्षं त्या काळ्या कपचीत मावलेली असतात.

फोन आला तेव्हा त्यात २.६.२८ कर्नल होता. अजूनही आहे. कार्डावरच्या नव्या कर्नलला जागा करून द्यायची म्हणून जुन्याला घालवून द्यावं लागत नाही, हेच मला या खटपटीत सगळ्यात लोभस वाटतं. आधी जागा होतो तो नोलो, फोनचा मूळचा बूटलोडर. तो कर्नल समजून ज्याच्या हाती सूत्रं देतो तो असतो यू-बूट, आणि यू-बूटच्या पाठीला बिलगून असतो जुना कर्नल, हाक आली तर उठायला तयार. मी कीबोर्ड सरकवून बाहेर काढतो, मेनूतली एसडी कार्डाची ओळ निवडतो, आणि साडेतीन इंची पडद्याच्या काळोखात पांढरी अक्षरं उमटू लागतात. डावीकडे शून्यापासून निघालेले सेकंद, उजवीकडे एकेका अवयवाचं नाव, मेमरी, घड्याळ, कळा, ओळीमागून ओळ, डोळा टेकतो न टेकतो तोच वर निसटणारी, जणू दीर्घ झोपेतून उठलेलं कुणी स्वतःचे हातपाय चाचपून पाहतं आहे, आणि मग तो सगळा ओघ एकाएकी थबकतो.

रूट डिव्हाइसची वाट पाहतो आहे.

झाकण उघडं असेल तर कर्नल कार्डाची वाट पाहत इथेच थांबून राहील. झाकणात चुंबक आहे. ते बसलं की फोनला कळतं, आणि मगच कार्ड आहे असं धरलं जातं.

नव्या कर्नलला हे कसं ठाऊक? त्याला प्रोसेसर ओळखीचा, पण हे अंग नाही. कुठली तार कुठे जाते हे त्याला डिव्हाइस ट्री नावाची फाइल सांगते: कीबोर्डचा सरक ७१ नंबरच्या जीपीआयओ पिनवर, कार्डाची चाहूल १६० वर. नव्या बिऱ्हाडाला शेजारणीने सांगावं, नळाला पाणी किती वाजता येतं, जिन्याची कुठली पायरी हलते, तशी ही फाइल. माझ्याकडच्या आवृत्तीत त्या १६० च्या ओळीवर कुणीतरी दोन वाक्यांची टीप लिहून ठेवली आहे: दुरुस्तीच्या दिवसांत ही ओळ काढून टाकलेली बरी, म्हणजे बॅटरी काढण्यासाठी झाकण उघडं ठेवता येतं आणि कार्डही चालू राहतं. लिहिणाऱ्याने नक्कीच असंच झाकण बाजूला ठेवून, असाच थबकलेला पडदा पाहिला असणार. दुकानांतून केव्हाच नाहीशा झालेल्या फोनसाठी, पुढे कधीतरी येणाऱ्या अनोळखी माणसाचा तेवढा त्रास वाचावा म्हणून त्याने ते लिहिलं.

माझा जीव या दोन वाक्यांवर आहे.

१९९१ साली हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्सने कर्नल लिहायला घेतला, आणि नोकियाचं मुख्यालय तिथून जवळच, एस्पोला. हा फोन आणि हा कर्नल एकाच किनाऱ्याचे. आता दोघांची गाठ घालून देणारी माणसं जगभर विखुरलेली आहेत. माएमो लेस्ते, पोस्टमार्केट-ओएस अशा लिनक्स प्रकल्पांत, रात्री-अपरात्री एकेक ओळ तपासत.

मी ती १६० ची ओळ काढली, डिव्हाइस ट्री पुन्हा बांधली. झाकण टेबलावर, कार्ड खाचेत, आणि अक्षरं थबकल्या जागेवरून पुढे निघाली. लॉगिन आलं. आता वायफाय. या फोनच्या रेडिओची कारखान्यात घेतलेली मापं कार्डावर कुठेच नाहीत. ती आतल्या जुन्या फ्लॅशमध्ये, कॅल नावाच्या भागात आहेत. नव्या कर्नलसाठी ती तिथूनच मागून आणायची आहेत.