सहरीच्या ताटाशेजारची गोळी

अम्मीची थायरॉईडची गोळी 12 वर्षांपासून चालू आहे. फजरनंतर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने. रमजानात हे वेळापत्रक कोलमडतं. दोन वर्षांपूर्वी तिने सोपा मार्ग काढला. सहरीला रोटी, दूध, खजूर आणि त्यावरच थायरॉईड, कॅल्शियम, लोह अशा तिन्ही गोळ्या. ‘पोटात जाऊन सगळं एकच होतं,’ असं तिचं म्हणणं.

गफलत नेमकी तिथेच होती. तिच्या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन म्हणजे आपल्याच ग्रंथीतल्या संप्रेरकाची कारखान्यात बनवलेली प्रतिकृती. आतड्यात कॅल्शियम किंवा लोह भेटलं की ते त्यांना चिकटतं आणि रक्तात पुरतं पोहोचत नाही. म्हणून त्यांच्यात 4 तासांचं अंतर ठेवायला सांगतात. अँटासिड, सोयाबीन, कॉफी यांचाही अडथळा होतोच. आणि चूक लगेच कळतही नाही, कारण हे औषध शरीरात निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो.

रमजान संपेपर्यंत अम्मी पार गळून गेली. आम्ही रोज्यांना दोष दिला. ईदनंतर तपासणीत टीएसएच वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी डोस वाढवला. गोळी कशाबरोबर घेता, हे त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. तोवर अम्मी जुन्या वेळेवर परतली होती, त्यामुळे वाढीव डोस पुरेपूर अंगी लागू लागला. छातीत धडधड, हातांना कंप, रात्रभर जाग. दोन महिन्यांनी टीएसएच पार खाली गेलेला. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, ‘सहरीला काय काय घेत होतात?’

मामू वॉरफेरिन घेतात. थायरॉईडचा डोस वाढला की रक्त पातळ करणाऱ्या त्या गोळीचा जोरही वाढतो, रक्तस्रावाची भीती असते. दोन्ही औषधं घेणाऱ्याचा डोस असा बदलला तर आयएनआर पुन्हा तपासावा लागतो. अम्मी वॉरफेरिनवर नव्हती, एवढंच नशीब.

आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, हे अम्मीला सांगून पाहिलं. तिने ऐकलं असतं तर ती अम्मी कसली! झोपताना गोळी घेण्याचा पर्याय होता, पण त्याआधी 3 तास पोट रिकामं हवं, आणि आमच्याकडे तरावीहनंतर कुणी ना कुणी भजी तळतंच. शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारून ठरलं: कॅल्शियम इफ्तारनंतर, लोह रात्री उशिरा. थायरॉईडची गोळी तहज्जुदला उठल्याबरोबर. तहज्जुद, मग तस्बीह, मग सहरी. तासभर आरामात निघतो. तेवढ्यात तिला चहा मात्र विचारायचा नाही.