गेटवर अडवणारी माणसं

चि. सुधीर यास,


लेक वालेसा हा पोलंडमधला वायरमन, तुझ्याच धंद्यातला. जन्म १९४३चा, खेड्यातला. १९६७ साली तो ग्दान्स्कच्या लेनिन जहाज कारखान्यात लागला. डिसेंबर १९७०मध्ये दरवाढीविरुद्ध संप झाला, तेव्हा लष्कराने कामगारांवर गोळ्या झाडल्या. सरकारवर टीका केली म्हणून १९७६ साली वालेसाची नोकरी गेली.

१४ ऑगस्ट १९८०ला कारखाना बंद पडला तो क्रेन चालवणाऱ्या आना वालेन्तिनोविचसाठी. निवृत्तीला पाच महिने उरले असताना तिला काढलं होतं. वालेसा आत येऊन संपाचा पुढारी झाला. दोन दिवसांनी व्यवस्थापनाने पगारवाढ कबूल केली, दोघांनाही परत घेतलं आणि वालेसाने संप मिटल्याचं जाहीर केलं. आसपासच्या कारखान्यांचे संप मात्र चालूच होते. तिथले कामगार वाऱ्यावर पडले असते. आना, नर्स आलिना पिएन्कोव्स्का, ट्राम चालवणारी हेन्रिका क्षिवोनोस या बायकांनी घरी निघालेल्यांना गेटवर अडवलं. वालेसाने ऐकलं, शब्द फिरवला, संप पुढे नेला. हे दोनदा वाच, सुधीर. त्याचं मोठेपण त्या मागे फिरण्यात आहे. दादा युनियनचे सेक्रेटरी असताना त्यांनाही अडवणारी माणसं होती, तू पाहिली आहेस. परवा सभेत 'युनियन म्हणजे मीच' म्हणालास, तेव्हा तुला कुणी अडवलं का?

३१ ऑगस्टला २१ मागण्यांवर करार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'सॉलिडॅरिटी' या युनियनचे सभासद कोटीच्या घरात गेले. १३ डिसेंबर १९८१ला लष्करी कायदा आला आणि वालेसा सुमारे अकरा महिने स्थानबद्ध राहिला. त्याला मिळालेलं १९८३चं नोबेल त्याची पत्नी दानुता हिने घेतलं. तो स्वतः गेला असता तर परत येऊ देतील याची खात्री नव्हती. १९८९ला सरकार सॉलिडॅरिटीशी बोलणी करायला बसलं. १९९०च्या डिसेंबरात वायरमन राष्ट्राध्यक्ष झाला.

पुढे जुन्या सोबत्यांशी त्याचं पटेना. आनाशी तर आधीच बिनसलं होतं. १९९५ साली तो थोडक्या मतांनी हरला. २००० साली पुन्हा उभा राहिला, तेव्हा मतं पडली एक टक्क्याच्या आसपास.

तुझं निवडणुकीचं तिकीट पक्कं झालं, आनंद आहे. काळजीही तेवढीच आहे. अर्ज भरण्याआधी खात्यातल्या जुन्या माणसांना भेटून ये.

तुझा,
काका