हवेचा कुंचला

आमच्या कोडोलीच्या घरीं गणपति कधींच रंगवून आणलेला नसतो. श्रावणांत शाडूची कोरी मूर्ति आणावयाची, ती माजघरांत वाळूं द्यावयाची आणि आमच्या वडीलबंधूंनीं ती रंगवावयाची, असा परिपाठ आहे. डोळ्यांची आखणी हें तर दादांचें खास काम. त्या वेळीं घरांतलीं लहान मुलेंसुद्धां दबकून चालत.

तीन वर्षांपूर्वीं दादांचा हात कांपूं लागला. त्यांनीं तें कोणास सांगितलें नाहीं. परंतु त्या भाद्रपदांत पीतांबराची कांठरेघ वांकडी गेलेली सर्वांस दिसली व सर्वांनींच ती न दिसल्यासारखें केलें. पुढच्या ज्येष्ठांत पुण्याच्या पुतण्यानें एक एअरब्रश व लहानसा काँप्रेसर धाडून दिला आणि "काका, आतां तुम्ही शिका," असें आम्हांस कळविलें. दादांनीं तें यंत्र निरखून पाहिलें व एवढेंच म्हटलें, "हें फवारणें झालें, रंगवणें नव्हे."

वास्तविक हें उपकरण नवें नव्हे. अमेरिकेंत अॅब्नर पीलर यानें १८७९ च्या सुमारास त्याचें पहिलें रूप सिद्ध केलें आणि १८९० नंतर चार्ल्स बर्डिक यानें त्यास आजच्यासारखा लेखणीचा घाट दिला. आरंभीं त्याचा उपयोग मुख्यत्वें छायाचित्रें सुधारण्याकडे होई. आज कोल्हापुरांत गंगावेस, शाहूपुरी, बापट कँप येथील मूर्तिकार तें सहज हाताळतात. आम्ही शाहूपुरींत जाऊन तासभर उभे राहिलों तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली: कारागिराचा हात रंग सुटण्यापूर्वींच चालूं लागतो व रंग थांबल्यावरही किंचित् चालत राहतो. हात थांबला आणि रंग चालूं राहिला, कीं त्या जागीं डाग पडलाच.

घरीं येऊन आम्हीं जुन्या वर्तमानपत्रांवर धडे गिरविण्यास आरंभ केला. या लेखणीवर एकच खटका असतो. तो खालीं दाबला म्हणजे हवा सुटते, मागें ओढला म्हणजे सुई सरकून रंग येतो. आधीं हवा, मग रंग. थांबतांना आधीं रंग बंद, मग हवा. सांगावयास हें सोपें. बोटास समजावयास आम्हांस तीन आठवडे लागले. पहिला धडा ठिपक्यांचा, दुसरा सरळ रेघांचा, तिसरा जाड सुरू होऊन निमुळत्या होत जाणाऱ्या रेघांचा, चौथा गडदाकडून फिक्याकडे जाणाऱ्या छटेचा. वर्तुळास गोळ्याची गोलाई देतां आली, कीं मूर्तीच्या गालास हात लावावा. रोज वीस मिनिटें पुरत, पण खाडा चालत नसे.

रंग दुधाइतका पातळ हवा. दाट असेल तर तोटी तुंबते, फार पातळ असेल तर कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पसरतात. हवेचा दाब चौरस इंचास पंधरा ते पंचवीस पौंड पुरतो. आमच्याकडील श्रावणांत हवाच इतकी ओली, कीं नळींतून रंगाबरोबर पाण्याचे थेंब येत. पाणी अडविणारी भांडी बसविली तेव्हां तें थांबलें. शाडू कच्चा असल्यानें एकदम ओला थर देतां येत नाहीं. विरळ थर द्यावा, वाळूं द्यावा, मग दुसरा. खिडकी उघडी ठेवून नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी, कारण जो रंग मूर्तीवर बसत नाहीं तो आपल्या छातींत जाऊं पाहतो. आणि काम संपतांच सुई काढून धुवावी. आम्हीं एकदां जेवणाचें पान मांडलें म्हणून धुणें टाळलें, तर दुसऱ्या दिवशीं सुई निघेना. ओढतां ओढतां तिचें टोंक वांकलें व नवी मागवावी लागली.

हें सर्व दादा झोपाळ्यावरून पाहत असत, बोलत नसत. हरितालिकेच्या आदल्या दिवशीं आम्ही पीतांबराच्या छायेस लागलों आणि बिघडवूं लागलों. दादा उठून आले. "छाया तिथें नाहीं पडत रे, चुणीच्या पोटांत पडते," असें म्हणून त्यांनीं लेखणी हातीं घेतली.

आमच्या पोटांत धस्स झालें. परंतु त्या यंत्राच्या शेपटीस एक स्क्रू असतो. तो आवळला म्हणजे खटका ठराविक मर्यादेपलीकडे मागें जात नाहीं. आम्हीं तो आवळून दिला. दादांनीं लेखणी मूर्तीपासून वीतभर दूर धरली. हात कांपत होता, पण तेवढ्या अंतरावरून उडणाऱ्या तुषारांत तो कंप विरून जात होता. चुणीमागून चुण उमटली. पाहतां पाहतां सोंडेची गोलाई, गालांची लाली, सर्व त्यांनींच पुरें केलें. वहिनी दारांत उभ्या होत्या. त्यांनीं पदर डोळ्यांस लावला.

राहिली ती आखणी. ती हवेनें होत नाहीं. तेथें तोच जुना बारीक कुंचला व तोच टेकवलेला हात लागतो. दादांनीं कुंचला उचलला, क्षणभर पाहिला आणि आमच्यापुढें धरला. "बुबुळ मी सांगेन तिथें ठेव. श्वास सोडून झाल्यावर रेघ ओढ," ते म्हणाले.

आमची रेघ त्यांच्यासारखी आली नाहीं. डावा डोळा अंमळ मोठा झाला आहे, हें आरतीच्या वेळीं आम्हांस रोज दिसे. दादांसही दिसत असणार. परंतु ते कांहीं बोलले नाहींत.

जें यंत्र आम्हांस दादांची जागा घेण्यासाठीं आलें होतें, तें दादांनींच घेतलें. आणि आमच्या वांट्यास आला तो त्यांचा कुंचला. यंदा आषाढापासून आम्ही रोज पाटीवर डोळे काढीत आहों.