विंडोज बदलताना अचौर्य व्रत



दिवाळीपासून आपल्या मंडळातल्या चौघींनी मला एकच प्रश्न विचारला आहे. संगणकावर "विंडोज १० चा सपोर्ट संपला" अशी सूचना येते, मग ११ टाकावे का आणि टाकले तर आपले लायसन्स जाईल का? मी कॉमर्सची पदवीधर, संगणकाची इंजिनिअर नाही. पण घरचा हिशेब बारा वर्षांपासून संगणकावर ठेवते आहे, आणि या दिवाळीत हे काम घरात स्वतः उभे राहून करून घेतले. त्यामुळे जे समजले ते सांगते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. म्हणजे संगणक बंद पडत नाही. फक्त कंपनीकडून दर महिन्याला येणारी सुरक्षेची डागडुजी थांबते. आपल्या नवेगावच्या तलावाचेच बघा ना. कोलू पाटील कोहळींनी बांधलेला हा तलाव आजही भरतो, कारण पाळीकडे लक्ष ठेवणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या होते. पाळीला भेग पडली आणि कोणी बुजवली नाही, तर तलाव त्या दिवशी फुटत नाही, पण पावसाळ्याची धास्ती कायम राहते. संगणकाचेही तसेच. त्यातून आता बँक, विमा, गॅसची नोंदणी सारे त्याच्यावर.

आमच्याकडे दोन यंत्रे आहेत. एक मुलाने २०२० मध्ये घेतलेला लॅपटॉप, दुसरा २०१३ पासूनचा टेबलावरचा संगणक. त्याच्यावर विंडोज ७ चे स्टिकर आहे. जुलै २०१५ ते जुलै २०१६ या वर्षात कंपनीने विंडोज १० मोफत दिले होते, तेव्हा मुलाने ते रीतसर चढवले. घरखर्च, घरभाड्याच्या पावत्या, दानाची नोंद, पाठशाळेच्या मुलांच्या प्रश्नपत्रिका सारे त्यातच.

आता लायसन्स म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. आपण विंडोज विकत घेत नाही, वापरायची परवानगी घेतो. ती परवानगी आगगाडीच्या आरक्षणासारखी असते. तिकीट ज्याच्या नावाचे, प्रवास त्याचाच. यंत्राबरोबर आलेले लायसन्स त्या यंत्रापुरतेच असते. वेगळे विकत घेतलेले, म्हणजे रिटेल, दुसऱ्या यंत्रावर नेता येते, पण पहिल्यावरून काढून. विंडोज १० पासून बहुतेक ठिकाणी ही परवानगी यंत्राच्या मदरबोर्डशी बांधलेली असते, तिला डिजिटल लायसन्स म्हणतात. म्हणून त्याच यंत्रावर १० वरून ११ केले तर लायसन्स जात नाही, नवीन की लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. अट एकच, आधीचे विंडोज खरे आणि अॅक्टिव्हेट झालेले हवे, आणि प्रकार तोच हवा. होमवरून होम, प्रोवरून प्रो.

लॅपटॉपचे काम त्यामुळे सोपे होते. अडले ते जुन्या संगणकापाशी. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आमचा चौथ्या पिढीचा. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "काकू, काळजी करू नका. पाचशे रुपयांत करून देतो. लायसन्स, की, सगळे माझ्याकडे आहे. गावात सगळे तेच वापरतात."

हे म्हणाले, "करून घे. एवढ्या मोठ्या कंपनीचे आपल्या पाचशे रुपयांनी काय बिघडणार आहे?"

मैत्रिणींनो, मी नाही म्हणाले. माझे अणुव्रत घेऊन अकरा चातुर्मास झाले. अचौर्य म्हणजे कोणाच्या तिजोरीत हात न घालणे, एवढेच आपण धरून चालतो. तेवढे तर आपण कोणीच करत नाही. व्रत जपावे लागते ते अतिचारांपाशी. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्या दिवशी सामायिकानंतर मी ते एकेक करून या पाचशे रुपयांच्या विंडोजला लावून पाहिले.

पहिला स्तेनप्रयोग, दुसऱ्याला चोरीला लावणे. "कर बाबा" असे त्या मुलाला म्हणणे हे तेच. दुसरा तदाहृतादान, चोरीचा माल घेणे. स्वस्तातली की कुठून आली, हे न विचारता घेणे यात येते. तिसरा विरुद्धराज्यातिक्रम, राज्याचा नियम मोडणे. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम ६३ब प्रमाणे संगणक प्रोग्रामची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे हाही गुन्हा आहे. सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून फक्त पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. चौथा हीनाधिकमानोन्मान, खोटे माप. एका यंत्राचे पैसे देऊन दोन यंत्रांवर चालवणे म्हणजे मापात मारणेच की! पाचवा प्रतिरूपक व्यवहार, खऱ्यासारखे दिसणारे खोटे चालवणे. याला तर वेगळे समजावायची गरजच नाही.

पाचही लागले. मी यांना एवढेच म्हटले, "तुमच्या वडिलांनी धानाच्या काट्यात कधी अर्धा किलो मारला नाही. समोरचा शेतकरी मोठा की लहान, हे पाहून त्यांनी काटा धरला नव्हता." हे गप्प बसले. अजून त्यांना पूर्ण पटले आहे असे नाही, पण त्या मुलाला त्यांनीच फोन करून नको म्हणून सांगितले.

मग मार्ग काय? दोन निघाले. पहिला असा की विंडोज १० लाच घरगुती वापरासाठी सुरक्षेची डागडुजी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. त्यासाठी यंत्रावर १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, हवी आणि मायक्रोसॉफ्टचे खाते हवे. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर ठेवला तर पैसे पडत नाहीत. आम्ही हेच केले. दुसरा मार्ग त्यानंतरचा, लिनक्स. उबुंटू आहे, आपल्या सी-डॅकने तयार केलेले बॉस आहे. ते देणाऱ्यांनीच सर्वांसाठी मोकळे ठेवले आहे, म्हणून घेण्यात अदत्तादान नाही. लिब्रे ऑफिसमध्ये हिशेबाचे तक्ते उघडतात. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी जसेच्या तसे दिसते आणि इन्स्क्रिप्ट कळफलक तिथेही तोच आहे. मी आतापासून लिब्रे ऑफिसवर हात बसवते आहे. धडधाकट यंत्र भंगारात टाकून नवे आणणे हे परिग्रहाच्याही आड येते.

ज्यांचा संगणक ११ ला चालतो, त्यांनी एवढे करावे. पीसी हेल्थ चेक हे कंपनीचे मोफत अॅप चालवून यंत्र पात्र आहे का ते बघा. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, तिथे अॅक्टिव्हेशन उघडा. डिजिटल लायसन्सने अॅक्टिव्हेट आहे असे दिसले की निर्धास्त व्हा. नसेल तर आधी तेच विचारा, कारण कोणीतरी तुम्हाला नकळत खोटे चढवून दिलेले असू शकते. मग ते लायसन्स आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्या, म्हणजे पुढे मदरबोर्ड बदलावा लागला तर हक्क सांगता येतो. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. सगळे फोटो आणि हिशेब बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. मगच विंडोज अपडेटमधून ११ घ्या, कोणाच्या पेन ड्राइव्हमधून नको. आपल्याकडे वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर भरलेला असू द्या आणि काम सकाळी लावा. झाल्यावर अॅक्टिव्हेशन पुन्हा बघा. पुढे कधी सगळे पुसून नव्याने टाकायची वेळ आली आणि की मागितली, तर "माझ्याकडे की नाही" हा पर्याय निवडा. प्रकार तोच असेल तर नेट लागल्यावर यंत्र स्वतःच ओळखले जाते.

वीर निर्वाण संवत २५५२ चा जमाखर्च मी त्याच जुन्या संगणकावर सुरू केला आहे. पहिल्या पानावर दानाची रक्कम लिहिली. ती ज्या यंत्रावर लिहिली, त्यात न दिलेले असे काही नाही.