मोटारीचे मौन

पूर्ण बिघडलेल्या वस्तूशी माणसाचे लवकर जमते. घड्याळ बंद पडले की ते घड्याळजीकडे जाते. छत्रीची काडी मोडली की ती पावसाळ्यापूर्वी दुरुस्त होऊन येते. परंतु जी वस्तू नऊ वेळा नीट चालते आणि दहाव्या वेळी चालत नाही, तिचे काय करावे हे शहाण्यालाही उमगत नाही. विश्वास टाकावा तर ती नेमकी अडचणीच्या वेळी दगा देते. अविश्वास दाखवावा तर ती निरागसपणे चालू लागते आणि आपणच खोटे ठरतो. वर्गात अशी मुले आम्ही नित्य पाहतो. ‘काल घरी येत होते, सर!’ असे म्हणणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो. काल त्याला येत होते. आज फळ्यापुढे येत नाही. अशा वेळी काल आणि आज यांत काय फरक पडला, हेच शोधावे लागते. हा पाठ गेल्या पावसाळ्यात एका मोटारीने आम्हांस सहा आठवडे शिकविला.

आमचे काकती गाव राणी चन्नम्मांचे जन्मग्राम. १८२४ साली कंपनी सरकारशी झुंजलेल्या त्या राणीचे नाव येथील लहान मुलासही ठाऊक असते. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागूनच जातो; बेळगाव हाकेच्या अंतरावर आहे. आम्ही घरात कोंकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवितो आणि बाजारात कानडीवर निभावून नेतो. मोटार बाळगण्याची हौस आम्हांस कधीच नव्हती. परंतु आमच्या तीर्थरूपांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी बेळगावास नेणे भाग पडले. जाताना बसने जाता येते. पण चार तास रक्त यंत्रातून फिरवून घेतलेल्या म्हाताऱ्या माणसाला येताना बसथांब्यावर उभे करवत नाही. आमचा डावा गुडघा अधू असल्याने क्लच दाबणे आम्हांस जमत नाही. म्हणून जुनी का होईना, पण आपोआप गिअर बदलणारी मोटार आम्ही घेतली. तिला क्लच नसतो. गिअरच्या दांड्यापाशी चार मुख्य खुणा असतात : उभी करण्यासाठी पी, मागे नेण्यासाठी आर, मोकळी सोडण्यासाठी एन आणि पुढे जाण्यासाठी डी.

जून महिन्यात तिने पहिले मौन पाळले. डायलिसिस आटोपून बाबा मागच्या आसनावर डोळे मिटून बसले होते. आम्ही किल्ली फिरविली. समोरचे दिवे लखलखले, काच पुसणारे हात हलले, रेडिओदेखील बोलला. इंजिनाकडून मात्र ‘टक्’ एवढाही आवाज आला नाही. बाबांनी डोळे न उघडताच विचारले, “कितें जालें?” त्यांना द्यायला आमच्यापाशी उत्तर नव्हते. दहा मिनिटांच्या खटपटीनंतर मोटार जशी रुसली होती तशीच अकस्मात प्रसन्न झाली. पुढल्या आठवड्यात पुन्हा तोच प्रकार झाला आणि त्या दिवशी आम्हांस रिक्षाने घरी यावे लागले.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. चार सज्जन पुढे आले व मोटारीला धक्का देऊ लागले. साध्या मोटारीत ही युक्ती चालते, कारण चाके फिरली की गिअर व क्लच यांच्यामार्फत इंजिनही फिरते. आमच्या जातीच्या मोटारीत तसे होत नाही. तिच्या गिअरपेटीतील तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, म्हणून तेलाला दाब नाही. दाब नाही, म्हणून आतील क्लच पकड घेत नाहीत. आणि पकड नाही, म्हणून चाकांचे फिरणे इंजिनापर्यंत पोहोचत नाही. कोणी आपल्या मोटारीच्या बॅटरीची तार जोडून दिली. तिनेही काही साधले नाही.

मग शहरातील एका गॅरेजात मोटार पाठविली. तेथे ती प्रत्येक वेळी सुरू झाली! तथापि गिऱ्हाईकाला रिकाम्या हाती पाठविणे बरे दिसत नाही म्हणून की काय, त्यांनी नवी बॅटरी बसविली. आठ दिवसांनी तक्रार पुन्हा उद्भवली, तेव्हा स्टार्टर उतरवून त्याचे ब्रश बदलले. दोन्ही वेळा बिल आले. दोष जेथल्या तेथे राहिला. पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण त्याहून वाईट गोष्ट घरात घडत होती. आपल्यामुळे मुलाची ओढाताण होते असे बाबांच्या मनाने घेतले. एका मंगळवारी सकाळी ते कपडे न करताच बसून राहिले व म्हणाले, “एक फावट चुकलें म्हूण कितें जाता?” एक खेप चुकली तर काय होते, हे आम्हांस डॉक्टरांनी सांगितले होते. शरीरात पाणी साचते, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदयाची लय बिघडू शकते. एका मोटारीच्या लहरीवर माणसाचा जीव टांगणीला लागावा, ही स्थिती आम्हांस सोसवेना.

त्याच आठवड्यात गावातील एका मिस्त्रींची गाठ पडली. ते ट्रक व ट्रॅक्टर यांच्या विजेची कामे करतात. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. ते म्हणाले, “नोडोण, सर. आधी मला सांगा, सुरू होत नाही म्हणजे नेमके काय होते?” त्यांच्या मते या एका तक्रारीचे तीन प्रकार आहेत. इंजिन गरगर फिरते पण पेट घेत नाही, हा पहिला. तेथे पेट्रोल, ठिणगी किंवा इंजिनाची गती मोजणारा सेन्सर यांचा शोध घ्यावा. इंजिन कण्हत कण्हत फिरते किंवा नुसते ‘टकटक’ करते व दिवे मंदावतात, हा दुसरा. तेथे बॅटरी, तिची टोके किंवा जाड तारा यांवर संशय घ्यावा. आणि दिवे झगझगीत असून इंजिन संपूर्ण मूक राहते, हा तिसरा. “तुमचा तिसरा,” ते म्हणाले, “मग बॅटरी कशाला बदलली?”

नंतर त्यांनी आम्हांस विजेचा मार्ग समजावून दिला. तो आम्ही आपल्या विद्यार्थ्यांसाठी येथे उतरवीत आहोत. पूर्वी मोटारीचे इंजिन लोखंडी हँडलने हातांनी फिरवीत. हँडल उलटे उसळून कित्येकांची मनगटे मोडत. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत बसला व ते संकट सरले. या स्टार्टरला क्षणभर शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह लागतो. एवढा प्रवाह किल्लीच्या लहानशा स्विचमधून जाऊ दिला तर तो स्विच जळून जाईल. म्हणून किल्ली केवळ हुकूम सोडते. मुख्याध्यापक स्वतः घंटा वाजवायला जात नाहीत. ते चिठ्ठी पाठवितात व शिपाई घंटा वाजवितो, तसाच हा प्रकार. किल्लीतून निघालेला सूक्ष्म प्रवाह रिलेपर्यंत जातो, रिले स्टार्टरवरील सोलेनॉइडला जागे करतो आणि मग कोठे बॅटरीचा मोठा प्रवाह स्टार्टरमध्ये शिरतो.

आपोआप गिअरच्या मोटारीत या चिठ्ठीच्या वाटेवर आणखी एक पहारेकरी उभा असतो. गिअरचा दांडा पी किंवा एन या स्थानी असेल तरच तो चिठ्ठी पुढे जाऊ देतो. त्याला न्यूट्रल सेफ्टी स्विच म्हणतात. तो नसता तर दांडा डी वर राहिलेली मोटार किल्ली फिरविताच पुढे उसळली असती व समोरच्या मुलाच्या अंगावर गेली असती. मिस्त्रींचा संशय या पहारेकऱ्यावर होता. परंतु संशयाला ते पुरावा म्हणत नव्हते. “दोष हजर असताना तपासायचा, सर. तो रजेवर असताना तपासून काय उपयोग?” असे सांगून त्यांनी आम्हांस एक वही घालण्यास सांगितले.

वही घालणे हा आमच्या पेशाचाच भाग. प्रत्येक वेळी किल्ली फिरविली की आम्ही तारीख, वेळ, पाऊस की ऊन, इंजिन गरम की थंड, मोटार कोठे व कशी उभी होती, आणि परिणाम काय, एवढे लिहू लागलो. पहिल्या पानावरून असे वाटले की, दोष उन्हाळी इंजिनाचा असावा. परंतु पेट्रोलपंपावर इंजिन तापलेले असे व मोटार विनातक्रार सुरू होई. उलट रुग्णालयात चार तासांनी इंजिन निवलेले असे आणि तेथेच ती हटून बसे. म्हणजे उष्णता निर्दोष ठरली. पावसाचेही तसेच : कोरड्या दिवशीही ती रुसली होती. तिसऱ्या आठवड्यात आम्ही वहीतील ‘कोठे उभी’ हा एकच रकाना वरपासून खालपर्यंत वाचला आणि आमचा श्वास क्षणभर थांबला. बिघाडाची प्रत्येक नोंद उतारावरची होती! रुग्णालयाचे वाहनतळ उतरते आहे. एकदा वंटमुरी घाटाच्या बाजूला रस्त्याकडेला, तोही उतारच. घरचे अंगण, शाळेचे पटांगण व पेट्रोलपंप येथे ती एकदाही अडली नव्हती. गॅरेजातील फरशीही सपाटच. तेथे दोष दिसणार कसा?

मिस्त्रींनी वही वाचली व मान डोलावली. त्यांनी मोटार मुद्दाम एका चढणीवर नेऊन पी वर उभी केली, चाकांमागे दगड लावले आणि रिलेच्या त्या बारीक तारेला बारा व्होल्टचा तपासणी-दिवा जोडला. मीटर हाती असूनही ते दिवा का वापरतात, हे आम्ही विचारले. त्यांचे उत्तर ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गंजलेल्या सांध्यातून केसभर वाट शिल्लक असली तरी मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवितो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. दिवा मात्र प्रवाह मागतो. सांधा दुबळा असेल तर तो पेटतच नाही. नुसती विचारपूस आणि प्रत्यक्ष परीक्षा यांत हाच भेद आहे.

चौथ्या प्रयत्नास मोटार मूक झाली, आणि प्रथमच त्या मौनाने आम्हांस आनंद झाला. दिवा विझलेला होता. चिठ्ठी रिलेपर्यंत पोहोचतच नव्हती. मिस्त्रींनी ब्रेक दाबून दांडा पी वरून एन वर आणला. दिवा पेटला व इंजिन धडधडले. मग त्यांनी गिअरपेटीवरील तो स्विच उघडा केला. त्याचे बोल्ट सैल झाले होते व जोडणीच्या पितळी टोकांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढला होता. सपाट जमिनीवर स्विच कसाबसा जुळत असे. उतारावर मोटारीचा सारा भार गिअरपेटीतील एका लहान खिट्टीवर येई, दांड्याची जोडणी ताणली जाई आणि सैल स्विच केसभर बाजूला सरके. तेवढ्यानेच वाट तुटत होती. त्यांनी टोके साफ केली, दांडा एन वर ठेवून स्विचवरील खुणा जुळविल्या व बोल्ट आवळले. नवा भाग एकही लागला नाही.

दुरुस्ती झाली असे आम्हांस वाटले, पण मिस्त्रींचे काम संपले नव्हते. त्यांनी त्याच चढणीवर पी व एन या दोन्ही स्थानी वीस वेळा मोटार सुरू करून पाहिली. नंतर ब्रेक घट्ट दाबून आर व डी या स्थानी किल्ली फिरविली आणि ती सुरू होत नाही, याचीही खात्री करून घेतली. “सुरू व्हायला हवी तेथे व्हावी,” ते म्हणाले, “आणि होऊ नये तेथे होऊ नये. दोन्ही पाहिले तर काम पुरे.” जाताना त्यांनी एक सवय लावून दिली. उतारावर थांबताना पायाचा ब्रेक दाबून दांडा एन वर न्यावा, हातब्रेक ओढावा, पायाचा ब्रेक सोडून भार हातब्रेकवर येऊ द्यावा, आणि मग पुन्हा ब्रेक दाबून पी वर यावे. खिट्टीवर ताण येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांपैकी काही जण पुढे डॉक्टर व्हाल, काही यंत्रज्ञ, काही आमच्यासारखे शिक्षक. तुमच्यापुढे अधूनमधून रुसणारी यंत्रे येतील आणि अधूनमधून रुसणारी माणसेही येतील. त्यांचा भाग बदलण्याची घाई करू नका. ती कोठे उभी असताना अडतात, हा रकाना आधी लिहून काढा.

पुढील मंगळवारी सकाळी साडेसहा वाजता बाबा धुतलेला सदरा घालून, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन ओसरीवर बसले होते. मोटारीविषयी त्यांनी काही विचारले नाही. चहा लवकर आणा, एवढेच ते म्हणाले.