आवाज नसलेलं गाणं

दोस्तांनो, एक कोडं घालू? असं कुठलं गाणं आहे, की ज्यात गिटार आहे, पियानो आहे, ड्रम आहे, सगळं झकास वाजतंय; पण गाणारी मात्र गायलीच नाही?

नाही ना सुटत? मीच सांगतो. अमेरिकेत जॅनिस जॉप्लिन नावाची एक रॉक गायिका होती. तिच्या ‘पर्ल’ या रेकॉर्डमध्ये असं एक गाणं आहे. वादकांनी आपापला भाग वाजवून ठेवला होता. त्यावर जॅनिसनं गायचं, एवढंच बाकी होतं. तो दिवस होता ४ ऑक्टोबर १९७०. स्टुडिओत सगळे तिची वाट बघत बसले. ती काही आली नाही. शेवटी एक सहकारी तिच्या हॉटेलवर गेला, तर जॅनिस खोलीत मरून पडलेली! हेरॉईन या मादक पदार्थानं तिचा जीव घेतला होता. वय अवघं २७ वर्षांचं. पुढे १९७१ साली रेकॉर्ड निघाली, तेव्हा ते गाणं तसंच, बिनआवाजाचं ठेवलं गेलं.

ही रेकॉर्ड मी पहिल्यांदा ऐकली ती कॉलेजात, एका मित्राच्या कॅसेटवर. होस्टेलच्या जिन्यात बसून तो सुरेख गिटार वाजवायचा. तो म्हणायचा, “अरे, ही माणसं नशा करायची म्हणून तर अशी गायची!” आम्ही माना डोलवायचो. आम्हालाही ते खरंच वाटायचं.

मग तोही गर्द ओढायला लागला. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉईनचंच भेसळीचं भावंडं. आधी गंमत म्हणून. पण या पदार्थाची गोष्ट अशी, की शरीराला त्याची सवय होते. कालच्याएवढं आज पुरत नाही. आणि नाही मिळालं, की अंग मोडून येतं, उलट्या होतात, झोप उडते. म्हणजे पुढे पुढे माणूस मजेसाठी घेतच नाही, नुसता त्रास टळावा म्हणून घेतो. माझ्या मित्राचं तसंच झालं. त्यानं आधी घड्याळ विकलं. मग गिटार विकली.

मला हे सगळं माहीत होतं. तो उसने पैसे मागायचा, मी द्यायचो. त्याच्या घरी एक पत्र टाकावं, असं कितीदा मनात आलं. पण मित्राची चहाडी कशी करायची? मी गप्प बसलो. तो गेला तेव्हा त्याचं शिक्षणही पूर्ण झालं नव्हतं.

त्याच्या घरी आम्ही सगळे मित्र भेटायला गेलो. प्रत्येकानं आठवणी सांगितल्या. काय कलंदर होता, कसला मस्तमौला! काकू कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, “तो मस्तमौला नव्हता रे. आजारी होता. तुम्हाला ठाऊक होतं ना?”

कुणालाच वर बघवेना.

दोस्तांनो, रॉक गायकांच्या बाबतीतही आपण अगदी हेच करतो. जॅनिसच्या १६ दिवस आधी जिमी हेंड्रिक्स गेला. १९७१ मध्ये जिम मॉरिसन, १९९४ मध्ये कर्ट कोबेन, २०११ मध्ये एमी वाइनहाउस. सगळे २७ वर्षांचे. मग लोकांनी ‘२७ चा क्लब’ असं नावच पाडलं, जणू काही तो एखादा मानच आहे! २०११ साली संशोधकांनी हजारावर नामवंत संगीतकारांची माहिती तपासली. त्यात २७ व्या वर्षात वेगळं काहीच सापडलं नाही. मात्र विशी-तिशीत या मंडळींना मरणाचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट होता, हे दिसलं. म्हणजे आकड्यात जादू नव्हती. धोका मात्र खरा होता.

आणि नशेमुळे गाणं येतं, हेही खोटं. जॅनिस टेक्ससमधल्या पोर्ट आर्थर या गावात वाढली. शाळेत मुलं तिला चिडवायची. त्या एकटेपणात ती बेसी स्मिथ या जुन्या कृष्णवर्णी गायिकेच्या रेकॉर्ड ऐकायची. तिचा आवाज घडला तो तिथे, ऐकून ऐकून. १९६५ मध्ये तर ती नशा सोडून घरी परतली होती, कॉलेजातही जायला लागली होती. तिला बरं व्हायचं होतं, दोस्तांनो!

बेसी स्मिथ १९३७ साली गेली. तिच्या थडग्यावर कितीतरी वर्षं साधा दगडही नव्हता. १९७० च्या ऑगस्टमध्ये तो बसवला गेला. त्याचा खर्च दोघींनी उचलला. त्यांतली एक जॅनिस होती. आपल्याला गाणं शिकवणारीला कुणी विसरू नये, असं तिला वाटलं. दोनच महिन्यांत ती स्वतः गेली.

मग आपण जॅनिसला कसं आठवायचं? तिची गाणी मन लावून ऐकावीत. आणि कुणी विचारलं, तर खरं सांगावं: ती फार मोठी गायिका होती आणि तिला एक आजार होता. त्या आजारावर उपचार असतात. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांतून कितीतरी माणसं बरी होऊन घरी गेली आहेत.

पालकांनाही एक विनंती. मुलानं मित्राबद्दल असं काही सांगितलं, तर आधी त्याच्यावर ओरडू नका. शांतपणे ऐकून घ्या.

आणि मुलांनो, तुमचा एखादा मित्र असा अडकताना दिसला, तर आई-बाबांना, सरांना, बाईंना, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना लगेच सांगा. तो रागावेल, बोलणं टाकेल. टाकू दे. ती चहाडी नव्हे. मी ती केली असती, तर आज त्याची गिटार ऐकायला मिळाली असती.